चार्जरला लावलेला क्लास

"विधानात आहे तेवढंच धरायचं. आपल्या मनचं एक अक्षर घालायचं नाही," असं क्लासचे सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते. ते मुलाच्या नाही, आईच्या लक्षात राहिलं. त्याला कारण होतं. चार्जर धड बसेल असं घरात एकच सॉकेट होतं आणि ते ओट्याच्या वर होतं. मुलाचा फोन तासाभरात मान टाकायचा. त्यामुळे लॉ कॉलेजच्या प्रवेश परीक्षेचा ऑनलाइन क्लास रोज ओट्यावर, डब्याला टेकून भरायचा आणि विद्यार्थी बाहेरच्या खोलीत पालथा पडलेला असायचा.

सर दर दहा मिनिटांनी एक प्रश्न टाकत. उत्तराचं बटण दाबलं नाही की गैरहजेरी लागे.

"आई, काहीही दाब गं," मुलगा तिथूनच सांगायचा.

आईला काहीही दाबणं जमत नसे. ती हात पुसून प्रश्न मोठ्याने वाचायची. "जो कामगार उशिरा येतो, त्याचा पगार कापतात. रखवालदाराचा पगार कापला. तर तो उशिरा आला होता का?"

"आला असणार."

"कशावरून? पगार कापायला मालकाला दुसरं निमित्त मिळत नाही का?"

तिने 'सांगता येत नाही' वर बोट ठेवलं. बरोबर आलं.

सर याला सशर्त विधानं म्हणत. तिला त्यात नवं काही वाटलं नाही. "मूल शाळेत जायला लागलं की तू पुढे शीक," असं नवरा एकदा म्हणाला होता. मूल शाळेत गेलं, शाळेतून बाहेरही पडलं. अट पुरी झाली आणि पुढचं घडलं नाही, तर ते विधान खोटं, असं सरांनी सतराव्या तासाला सांगितलं. तिला ते बारा-तेरा वर्षं माहीत होतं. त्यावर परीक्षा घेतात, एवढंच माहीत नव्हतं.

दुसऱ्या महिन्यात क्लासच्या यादीत मुलाचं नाव सगळ्यांत वर आलं. वडील एका कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांनी यादी छापून आणली आणि दारामागे चिकटवली.

"शेवटी रक्त कुणाचं आहे," ते म्हणाले.

मुलगा त्या दिवशी पहिल्यांदा क्लासमध्ये, म्हणजे स्वयंपाकघरात आला. "आई, आता मध्येच सोडू नकोस हं. बाबांना कळलं तर मेलो मी."

"माझाही फॉर्म भरलास, तर दाबीन."

"तू काय करणार परीक्षा देऊन?"

"फॉर्म भरतोस, की बटणं तू दाबतोस?"

त्याने फॉर्म भरला. परीक्षेला ती सोबत म्हणून गेली. मुलाचा नंबर तळमजल्यावर होता, तिचा दुसऱ्या मजल्यावर. "पालकांना वर बसवतात वाटतं," फाटकाशी वडील म्हणाले. ती जिना चढून गेली.

निकालाच्या सकाळी वडील दाढी करत होते. मुलाने फोन बघितला आणि खाकरून म्हणाला, "आपल्या घरातलं एक जण पास झालंय."

विधान एवढंच होतं. वडिलांनी त्यात मनचं घातलं. अर्ध्या दाढीनिशी त्यांनी थोरल्या भावाला फोन लावला. थोरले काका स्वतः वकील. त्यांनी तासाभरात सगळ्या नातेवाइकांना कळवलं आणि दुपारी काळ्या कोटाची मापं घ्यायला शिंपी पाठवला. मुलगा हात पसरून उभा राहिला. छातीला टेप लागल्यावर त्याचे डोळे भरून आले. "आनंद होतोच," शिंपी म्हणाला, आणि दोन इंच सैल धरून माप लिहून घेतलं.

शिंपी गेल्यावर खरं बाहेर आलं. मग घरात कुणी गेल्यासारखं झालं.

"म्हणजे तू त्याची जागा घेतलीस," वडील म्हणाले.

"मी बसले नसते तरी तो नापासच होता. गुण बघा त्याचे."

"पोराचं आयुष्य आहे हे."

तिने आपल्या आयुष्याचा विषय काढला नाही. तो दिलेल्या माहितीत नव्हता.

"हे बघ," वडील जरा मऊ झाले, "पुढच्या वर्षी तो पास झाला, तर तू खुशाल जा."

"आणि नाही झाला तर?"

"तर बघू."

"प्रवेश गुरुवारी पाचपर्यंतच देतात. नाही घेतला तर जागा गेली."

"जाऊ दे जागा. इथे माझी अब्रू जातेय. हे कुणाला बोलणार नाहीस, शब्द दे मला."

तिने वाक्य मनात जुळवून घेतलं. "कुणी विचारलं नाही, तर मी सांगणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

वडील निवांत झाले. त्यांनी क्लास केला नव्हता.

गुरुवारी दुपारची जेवणं झाल्यावर तिने ओटा पुसला, मूळ प्रमाणपत्रं पिशवीत घातली आणि बाहेरच्या खोलीत आली. कचेरीत जो तो अभिनंदन करतो म्हणून वडील रजा टाकून घरी बसले होते. मुलगा भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्या दोघांच्या मधून जाऊन तिने चपला घातल्या. एरवीपेक्षा जरा जास्तच वेळ लावला.

"येताना माझा चष्मा आण. दुरुस्तीला टाकलाय," वडील पेपराआडून म्हणाले.

"बरं."

ती दारात आणखी थोडी थांबली. पेपराचं पान उलटलं. मुलाने कूस बदलली नाही. शब्द दिलेला होता, तेव्हा तीही काही बोलली नाही. तिने आवाज न करता दार लोटलं आणि जिना उतरू लागली.