वडप्याच्या गोदामातलं शूटिंग

वडपे गावातल्या गोदामात कपबशांची खोकी उतरवायची म्हणजे रोज दहा-बारा कप फुटायचेच. सुपरवायझर तुळशीरामची नोकरी अजून कच्ची, त्यात गोदामाचे मालक भाविकशेठ यांनी बजावलेलं, "शनिवारी स्वतः येऊन बघणार. फूट दिसली की तुमचा रामराम!"

गुरुवारी शेठनी कपबशांच्या कंपनीचा इंग्रजी मेसेज जसाच्या तसा तुळशीरामला पुढं पाठवला. गोदामात इंग्रजी कळणारी एकटी मदीहा, आणि ती नेमकी दोन दिवस रजेवर! तुळशीरामनं चष्मा पुसून एकेक अक्षर लावलं, "धिस सॅटरडे वुई आर शूटिंग फॉर झिरो ब्रेकेज."

"आयला, शूटिंग हाय!" तो ओरडला. "माल न फोडता कसा उतरवतात, त्याची फिल्म काढणार!"

"मंग मी भाच्याच्या हळदीतली साडी नेसते," खोकी उचलणारी कमळा म्हणाली. "पर कॅमेरा कुठं असंल?"

"लपवलेला असतो गं. वर बघून हसत राहायचं."

शनिवारी गोदामात नुसता अत्तराचा घमघमाट! हमाल दाढ्या करून आलेले. घामानं पावडर जाऊ नये म्हणून सगळे हळूहळू चालत होते आणि खोकं तर बारशातल्या बाळासारखं खाली ठेवत होते. कमळा छताकडं बघून एवढी हसत होती की पत्र्यावरची कबुतरंसुद्धा उडून गेली.

अकराला मदीहा आली. "काका, कोणाची शादी आहे?"

तुळशीरामनं ऐटीत मेसेज दाखवला. तिनं कपाळावर हात मारला.

"अहो काका, शूटिंग फॉर म्हणजे नेम धरणं! एकही कप फुटू नये, हे टार्गेट आहे. कॅमेरा-बिमेरा काही नाही!"

"मेलो गं!" तुळशीराम मटकन स्टुलावर बसला. "शेठ म्हणंल, ड्युटीच्या टायमाला तमाशा मांडलाय. गेली माजी नोकरी!"

सगळ्यांना कपडे बदलायला सांगणार, तोच दारात शेठची गाडी थांबली. शेठ तडक टेबलाशी गेले आणि त्यांनी रजिस्टर उघडलं. सकाळपासून दोनशे खोकी उतरली होती, फूट शून्य.

"वा, तुळशीराम! सोमवारपासून तुम्ही पक्के!"

तुळशीरामचा जीव भांड्यात पडला. तेव्हा कुठं त्यानं शेठकडं नीट पाहिलं. केसांना काळाभोर कलप, गळ्यात रेशमी रुमाल, डोळ्यांवर नवा गॉगल. शेठनी छताकडं एक नजर टाकली, पोट आत ओढलं आणि हळूच विचारलं,

"ते सगळं ठीक आहे हो, पण माझा सीन कधी आहे?"