गुरुवारी कमी वेगाने येईल

लोकांना वेळेवर आणि स्वच्छ शब्दांत कसं कळवावं, हे अख्ख्या पुण्यात फक्त एका माणसाला येतं, असं सुखदेव ओव्हाळांचं मत होतं. तो माणूस कोण, हे ते विनयाने सांगत नसत. पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं त्यांनी एकच वाक्य लिहिलं: 'गुरुवारी पाणी बंद राहील व शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने येईल.' साहेब बदलले, पंप बदलले, वाक्य टिकलं!

अशा माणसाच्या मोबाइलवर नेटवाल्या राकेशचा संदेश आला: 'नेटवर्क व्यवस्थापनाच्या कारणास्तव वेगात तफावत संभवते.' कात्रजला त्यांच्या सोसायटीतल्या चौसष्ट घरांना राकेशच नेट पुरवायचा. सुखदेवरावांनी संदेश चष्मा काढून वाचला, मग लावून वाचला. दोन्ही वेळा अर्थ तेवढाच लागला.

एरवी त्यांनी दुर्लक्ष केलं असतं. पण बुधवारी संध्याकाळी सातला त्यांच्या मुलीची, पूर्वाची, व्हिडिओवर मुलाखत होती. बंगळुरूची कंपनी, शेवटची फेरी. आठ महिने पोरगी या एका तासासाठी घासत होती. सुखदेवराव तडक राकेशच्या गाळ्यात गेले.

राकेशने मनमोकळेपणाने सगळं सांगितलं. करारात वेग 'शंभरपर्यंत' असं लिहिलंय आणि चार हा आकडाही शंभरपर्यंतच येतो. संध्याकाळी सगळी घरं एकदम सिनेमे लावतात, मग तो प्रत्येकाला थोडं थोडं आवळतो. त्याला व्यवस्थापन म्हणतात. शिवाय बुधवारी मुख्य वायर बदलायची आहे.

"बुधवारी नाही, गुरुवारी बदला," सुखदेवराव म्हणाले. "आणि लोकांना नीट कळवा."

"साहेब, मग तुम्हीच लिहून द्या ना."

निवृत्तीनंतर इतक्या आदराने त्यांना कुणी काही मागितलं नव्हतं. मंगळवारी लिफ्टशेजारी कागद लागला: 'दुरुस्तीच्या कामामुळे गुरुवारी दिवसभर इंटरनेट कमी वेगाने येईल. रहिवाशांनी नोंद घ्यावी व सहकार्य करावे.' तळमजल्यावरच्या वासंतीबाई लेले तो वाचून म्हणाल्या, राकेशला मराठी येतं हे आजच समजलं. लेल्यांकडून याहून मोठं कौतुक आजवर कुणाच्या वाट्याला आलेलं नव्हतं. सुखदेवराव लिफ्ट समोर उभी असताना तीन मजले जिन्याने चढून गेले.

बुधवारी पावणेसातलाच पूर्वा लॅपटॉपसमोर बसली. तिच्या आईने, कल्याणीबाईंनी, कुकर लावायचा पुढे ढकलला. ठीक सातला पडद्यावर तीन माणसं उमटली. मधल्याने प्रश्न विचारायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं. मग एक गोल चक्र फिरू लागलं. पाच मिनिटं ते फिरतच होतं.

सुखदेवराव खाली धावले. वासंतीबाईंचं दार सताड उघडं होतं. आत त्यांचा मुलगा आमोद दोन लॅपटॉप, एक टॅब आणि तीन फोन मांडून, पंगतीत वाढणाऱ्यासारखा एकाकडून दुसऱ्याकडे जात होता.

"हे काय चाललंय?"

"भरून ठेवतोय," वासंतीबाई शांतपणे म्हणाल्या. "उद्या कमी येणार ना? ह्यांची कीर्तनं, माझ्या दोन मालिका, सगळं उतरवून घेतोय. तुम्ही भरलंत की नाही?"

प्रत्येक मजल्यावर तेच! उद्या कमी येणार म्हटलं की आजच पिंप, बादल्या, अगदी चहाचं भांडंसुद्धा भरायचं, हे या चौसष्ट घरांच्या हाडीमाशी मुरलेलं होतं. वरच्या मजल्यावरच्या तात्यारावांनी तर नवी हार्ड डिस्क आणली होती. तिच्यात काय भरायचं ते त्यांना सुचत नव्हतं, म्हणून जे सर्वात मोठं दिसेल ते ते उतरवत होते.

सुखदेवरावांनी राकेशला फोन लावला. तो रडकुंडीला आला होता. दहा वर्षांत एवढी मागणी आली नव्हती, आता कुणाकुणाला आवळणार?

कंपनीच्या लोकांनी शेवटी फोन करून मुलाखत दुसऱ्या दिवशी सातला ठेवली. फोन ठेवून पूर्वाने वडिलांकडे पाहिलं.

"उद्या म्हणजे गुरुवारी. कमी वेगाने येणार ना बाबा?"

"तसं कळवलंय खरं," सुखदेवराव म्हणाले.

गुरुवारी चार वाजताच ती लॅपटॉप घेऊन वाघोलीला मावशीकडे निघाली. घर सुनंसुनं झालं. सातला सुखदेवरावांनी सहज वेग मोजून पाहिला. नव्व्याण्णव! राकेशची वायर सकाळी अकरालाच बदलून झाली होती. आणि सोसायटीत नेट कुणी वापरतच नव्हतं; सगळे साठवलेलं संपवत होते.

आठ वाजता पूर्वाचा फोन आला. ती खराडीच्या कोंडीत अडकली होती आणि मुलाखत तिने रिक्षात बसून मोबाइलवर दिली होती.

"काय विचारलं?" सुखदेवरावांनी विचारलं.

"सगळे ग्राहक एकदम तुटून पडू नयेत म्हणून काय कराल, असं विचारलं. मी म्हटलं, आधी कळवणार नाही."

"मग?"

"बराच वेळ हसले. मग कालचं सगळं सांगितलं मी. घेतलं त्यांनी मला, बाबा."

कल्याणीबाईंनी डोळे पुसले. मग सोसायटीत सगळ्यांना आत्ताच कळवायचं का, असं त्यांनी विचारलं.

"नको," सुखदेवराव म्हणाले. "आपोआप कळेल."