नानांनी प्रकल्पाचे स्वागत केले

ज्याच्या हाती सत्ता देता येत नाही त्याला सल्ला देण्याचा अधिकार द्यावा, हे लोकशाहीतलं एक अत्यंत दयाळू तत्त्व आहे. सत्ता दिली की परत घेताना त्रास होतो. सल्ल्याचं तसं नाही. देणाऱ्याचा मान राहतो, घेणाऱ्याचं काही जात नाही, आणि मधल्या वेळेत सगळ्यांना थंड पेय आणि खिमा भरलेला गरम मीट-पाय मिळतो.

घानातल्या आमच्या प्रांताच्या सरकारला हे तत्त्व मनापासून पटलं आणि त्यांनी पारंपरिक राज्यकर्ते सल्लागार मंडळ स्थापन केलं. नियमावली एकेचाळीस पानांची होती. त्यातली अकरा पानं कोणत्या राजाची छत्री सभागृहाच्या दारातून उघडी न्यायची आणि कोणाची मिटून, यावर खर्ची पडली होती. (छत्र्यांचा प्रश्न गंभीर होता. दार एकच होतं.) पहिल्या वर्षी मंडळाकडून दोनशे बारा सल्ले आले. दोनशे बाराही सल्ल्यांचं स्वागत झालं. अंमलबजावणीचा रकाना तक्त्यात होता, पण कागद आडवा छापल्यामुळे तो नेमका कडेला कापला गेला.

या मंडळावर अन्सुक्रोमचे राजे नाना अम्पोफो यांची नेमणूक झाली, आणि त्यांच्याबरोबर बेदियाको मास्तरांची आपोआप झाली, कारण मास्तर हे नानांचे ओचामे होते.

राजाने चारचौघांत स्वतःच्या तोंडाने बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. राजा हळू आवाजात सांगतो, आणि शेजारी सोन्याच्या मुलाम्याची काठी घेऊन उभा असलेला ओचामे ते लोकांना ऐकवतो. जसंच्या तसं नव्हे, राजाला शोभेल असं. नाना अम्पोफोंना ओचामेची गरज जरा जास्तच होती. राजाच्या चौरंगावर, म्हणजे आमच्याकडच्या सिंहासनावर, बसण्याआधी तीस वर्षं ते तेमा बंदरात फ्रिज दुरुस्त करत होते, आणि बोलणंही कारागिराचं होतं. बिघाड कुठे आहे तेवढं सांगायचं आणि गप्प बसायचं. बेदियाको मास्तरांनी प्राथमिक शाळेत छत्तीस वर्षं शिकवलं होतं. नाना म्हणत, "ही माणसं कधी येणार?" आणि मास्तरांच्या तोंडून पाहुण्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेलं अख्खं गाव उभं राहायचं. दूरदूरच्या गावचे लोक मुद्दाम ऐकायला यायचे. मास्तरांना याचा अभिमान होता, आणि तो ते लपवतही नसत.

मंडळापुढे पहिला मोठा विषय आला तो अन्सुक्रोमचाच. सरकार तिथे नवा मोटार-स्टँड आणि दुमजली बाजार बांधणार होतं. जागा सपाट, मोकळी, फुकटची. फुकटची असण्याचं कारण असं की दर सात-आठ वर्षांनी अन्सु नदी तिथे राहायला येते. मधली वर्षं जागा कोरडी असते, आणि सरकारी पाहणी मधल्या वर्षी झाली होती. रस्त्याकडेला बसणाऱ्या तीनशे चाळीस बायकांना, त्यांच्या टोमॅटो, सुरण आणि खारवलेल्या मासळीसकट, तिथे हलवायचं ठरलं होतं.

सभेत सल्ल्यासाठी चार मिनिटं मिळत. दोन राजाला, दोन ओचामेला. नानांनी आपल्या दोन मिनिटांतली सात सेकंदं वापरली. मास्तरांच्या कानाशी वाकून ते म्हणाले, "नदीच्या पोटात स्टँड बांधताहेत. डोकं ठिकाणावर आहे का म्हणावं. बांधू नका."

मास्तर उभे राहिले. काठी जमिनीवर टेकवली. समोर सहसचिव लॅम्प्टी हसतमुखाने बसले होते. लॅम्प्टी हा खरोखर सज्जन माणूस, राजांवर जीव असलेला. प्रत्येक राजासमोर तो कमरेत इतका वाकायचा की एकदा त्याचा चष्मा राजाच्या पायांवर पडला होता. अशा माणसाला 'डोकं ठिकाणावर आहे का' कसं विचारायचं? मास्तरांनी ते बाजूला ठेवलं आणि नदीपासून सुरुवात केली. अन्सु ही या भूमीची थोरली बहीण आहे. सरकार आज तिच्या अंगणात आलं, हा तिचा बहुमान. पण थोरल्या बहिणीला मन मानेल तेव्हा धाकट्यांकडे येण्याची सवय असते. ती येईल तेव्हा तिच्यासाठी वाट मोकळी असावी, एवढा विचार सरकारने करावा, असं नाना सुचवतात.

टाळ्यांचा कडकडाट झाला. इतिवृत्तात नोंद झाली: 'नानांनी प्रकल्पाचे स्वागत केले व प्रवेशद्वार रुंद ठेवण्याची सूचना केली.' आराखड्यातलं फाटक तीन फुटांनी रुंद झालं. मंडळाच्या इतिहासात अंमलात आलेला हा पहिला सल्ला, म्हणून नानांना काचेच्या चौकटीत प्रशस्तिपत्रक मिळालं.

मास्तर गावात परतले ते राजमाता सेर्वा यांच्या तडाख्यात सापडले. आमच्याकडे राजाची निवड राजमाता करते, आणि भर दरबारात त्याला फटकारायचा हक्कही तिचाच. (राजा असो की राजमाता, हाक मात्र एकच: नाना. एकाला मारली की दोघं वळून बघतात.) सरकारी नियमावलीत राजमातेचा उल्लेख नव्हता, कारण तिला बसवायला खुर्ची उरली नव्हती. चौऱ्याहत्तर वर्षांच्या सेर्वाबाई बाजारात खारवलेली मासळी विकत होत्या.

"अरे बेदियाको," मासळीवरच्या माश्या हाकत त्या म्हणाल्या, "माझ्या पोराने काय सांगितलं होतं तुला?"

"बांधू नका, असं सांगितलं होतं, नाना."

"मग फाटक कुठून आलं मध्ये?"

"मी तेच म्हणालो, नाना. जरा सजवून."

"एवढं सजवलंस की नवरीच दिसेना! पुढच्या सभेला काय म्हणशील? म्हण बघू माझ्यासमोर."

"सरकारने बांधकामाविषयी एकवार पुन्हा—"

"दोन शब्द!"

"नम्रपणे सांगावंसं वाटतं की बांधू—"

"बेदियाको, शाळेत पोरांना असंच शिकवत होतास? दोन अधिक दोन नम्रपणे चार?"

शेजारच्या टोमॅटोवाल्या पोट धरधरून हसल्या. मास्तरांचे कान तापले. पण घरी जाताना ते वाटेत चार वेळा थांबले आणि कुणी बघत नाही हे पाहून झाडांना म्हणाले, "बांधू नका." तिसऱ्या झाडापर्यंत जमायला लागलं होतं.

पुढच्या सभेत नानांनी पुन्हा तेच सांगितलं. मास्तर उभे राहिले, काठी टेकवली, डोळे मिटले आणि म्हणाले, "बांधू नका."

कुणाच्या तरी हातातला मीट-पाय तोंडापाशीच थांबला. लॅम्प्टींनी हळूच नियमावली उघडली. "ओचामेसाहेब," ते कळवळून म्हणाले, "नियम नऊ. सल्ला किमान दीडशे शब्दांचा हवा. दोन शब्दांचा असेल तर त्याला सल्ला म्हणत नाहीत हो, विरोध म्हणतात. विरोध म्हणजे राजकारण, आणि राजांनी पक्षीय राजकारणात पडायचं नाही. उद्या नानांच्या चौरंगावर बालंट येईल. तुमच्याकडे अजून दीड मिनिट आहे. जरा विस्तार करा ना."

मास्तरांनी नानांकडे पाहिलं. नानांनी मान हलवली: नको. मास्तरांनी सभागृहाकडे पाहिलं. ऐंशी चेहरे ताठरले होते, आणि मास्तरांना आयुष्यात कधी ताठरलेल्या चेहऱ्यांपुढे उभं राहायची सवय नव्हती. एकच वाक्य, त्यांनी मनाशी म्हटलं. एका वाक्याने चेहरे थोडे सैलावले. दुसऱ्याने कुणीतरी हसलं. मग मास्तर थांबलेच नाहीत.

इतिवृत्तात आलं: 'बांधकामात खंड पडू नये, अशी भावना नानांनी व्यक्त केली.' सभा संपल्यावर मास्तर स्वच्छतागृहात गेले आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिले.

तिसऱ्या सभेत नाना अम्पोफोंनी जे केलं ते त्यांच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं. ते स्वतः उठले. केन्टेचं रेशमी वस्त्र खांद्यावर नीट घेतलं आणि फ्रिज दुरुस्त करणाऱ्याच्या आवाजात म्हणाले, "ऐका. ती जागा नदीची आहे. पाणी येतं. माणसं मरतील. दुसरीकडे बांधा."

यावर सरकारने जी भूमिका घेतली ती सुवर्णाक्षरांनी लिहावी अशी आहे. लॅम्प्टींच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाना," ते म्हणाले, "सरकार तुमच्या परंपरेचा इतका आदर करतं की तुमचं हे बोलणं आम्ही ऐकूच शकत नाही. ओचामेच्या तोंडून न आलेला शब्द राजाचा शब्द नसतो. आम्ही ते मोडायला लागलो तर संस्कृती राहील का?" इतिवृत्तात लिहिलं गेलं: 'नाना काही काळ उभे होते.'

गावातल्या ज्येष्ठांनीही रीत मोडल्याबद्दल नानांना दोन मेंढ्यांचा दंड केला. नानांनी मुकाट्याने मेंढ्या दिल्या. त्या संध्याकाळी त्याच मेंढ्यांचा रस्सा आणि फुफूचे, म्हणजे कुटलेल्या कंदाचे, गोळे खायला मास्तर गेले नाहीत.

फेब्रुवारीत स्टँडचं उद्घाटन झालं, मार्चमध्ये बायकांना तिथे हलवलं, आणि जूनच्या दुसऱ्या गुरुवारी, भर बाजारच्या दिवशी, सकाळी दहा वाजता अन्सु नदी आली. फाटक रुंद असल्याने तिला आत यायला अडचण पडली नाही.

ती येण्याआधी अर्धा तास सेर्वाबाई आपल्या ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी नदीकडे पाहिलं. पाण्याचा रंग बदलला होता आणि वरच्या गावाकडचं एक केळीचं झाड मुळासकट वाहत चाललं होतं. त्या ओट्यावरच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "उठा."

तीनशे चाळीस बायका उठल्या. कितवा नियम, असं कुणी विचारलं नाही. पाठीवर पोर, डोक्यावर पाटी घेऊन रांगच्या रांग टेकडीवर चढली. सर्वांत शेवटी सेर्वाबाई, आणि त्यांची मासळीची पाटी डोक्यावर घेतलेले बेदियाको मास्तर. वरून सगळ्यांनी पाहिलं: पाणी पहिल्या मजल्याच्या घड्याळापर्यंत आलं, दोन ट्रक भोवऱ्यासारखे फिरत गेले, आणि नऊशे सुरण समुद्राच्या दिशेने निघाले. माणूस एकही गेला नाही.

चौकशी समिती नेमली गेली. पारंपरिक राज्यकर्त्यांना का विचारलं नाही, हा तिचा पहिला प्रश्न होता. विचारलं होतं, असं कागदपत्रांवरून सिद्ध झालं. नानांनी स्वागतच केलं होतं. तेव्हा दोष सल्ल्याचा. नानांवर खुलाशाची नोटीस निघाली.

मास्तर स्वतः समितीपुढे हजर झाले. दोष नानांचा नाही, माझ्या जिभेचा आहे, असं ते म्हणाले, आणि खरोखर रडले. वीस मिनिटं बोलले. समितीतले दोघेजणही रडले. तिसऱ्याने ते भाषण अहवालाला परिशिष्ट म्हणून जोडलं, आणि प्रांतातल्या सर्व ओचामेंना सल्ला कसा मांडावा हे शिकवण्यासाठी मास्तरांची सरकारी प्रशिक्षक म्हणून शिफारस केली. नोटिशीबद्दल समितीने काहीच म्हटलं नाही.

मास्तर थेट राजवाड्यावर गेले आणि सोन्याच्या मुलाम्याची काठी नानांपुढे ठेवली. "दुसरा कुणी बघा, नाना."

नाना एका जुन्या पंख्याचं पोट उघडून बसले होते. "मास्तर," मान वर न करता ते म्हणाले, "मी स्वतः बोललो तेव्हा काय झालं? काही काळ उभा होतो. तुमच्यामुळे निदान फाटक तरी झालं. घ्या ती काठी, आणि तो स्क्रू धरा जरा."

मास्तरांनी एका हाताने काठी उचलली, दुसऱ्या हाताने स्क्रू धरला. प्रशिक्षकाची नोकरी त्यांनी घेतली नाही. नकाराचं पत्र मात्र चार पानांचं झालं, आणि सरकारने ते होकार समजून फायलीला लावलं.

बायका पुन्हा रस्त्याकडेला बसायला लागल्या. लॅम्प्टी एके दिवशी तिथे आले, सेर्वाबाईंपुढे कमरेत वाकले आणि आनंदाची बातमी दिली: नियमावलीत दुरुस्ती झाली आहे, राजमातांसाठी एक खुर्ची मंजूर झाली आहे, आपण मंडळाच्या सल्लागार व्हावं.

सेर्वाबाईंनी त्यांच्यासाठी चांगली जाडशी मासळी निवडून कागदात बांधली. "बाळ," त्या म्हणाल्या, "माझं लोक ऐकतात रे. मला सल्लागार कशाला करतोस?"

लॅम्प्टींनी नोंद केली: 'राजमातांनी प्रस्तावाचे स्वागत केले.'

ही हकिगत आम्ही जिथे जिथे सांगतो तिथे शेवटी श्रोते एकच मागणी करतात: मास्तरांचं ते थोरल्या बहिणीचं भाषण पुन्हा एकदा होऊ द्या. ओट्यावर उभी राहून सेर्वा काय म्हणाली, ते पुन्हा ऐकवा असं आजवर कुणीही म्हटलेलं नाही. तुमचं तसं नसेल, तुम्ही जाणकार आहात. तेव्हा मागे न वळता, मनातल्या मनात सांगा: तीनशे चाळीस जीव वाचवणारा तो शब्द कोणता होता? आणि त्या थोरल्या बहिणीच्या अंगणात कोण आलं होतं, ते मात्र कसं लगेच आठवलं?