पोस्टरवरचा नमस्कार

"पोस्टर मी छापून देतो," एवढंच मी म्हणालो होतो. (माझी बहुतेक संकटं याच 'देतो'पासून सुरू होतात.)

साल दोन हजार. मी चंडीगडला विद्यापीठात हेडक्लार्क. आमच्याकडे दूध घालायला पिंजौरजवळच्या खेड्यातून कृष्णा यायची. त्या वर्षी तिच्या गावचं सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं आणि तिनं अर्ज भरला. दुसऱ्या दिवसापासून तिचा नवरा मोहनलाल स्वतःला 'सरपंच साब' म्हणवून घेऊ लागला.

"बाबूजी, फोटो मेरी ही लगे," कृष्णा म्हणाली. "नहीं तो लोग समझेंगे, वही खड़े हैं."

मी तिला अंगणात उभं केलं. ओढणी मागे सारायला ती कशीबशी तयार झाली, पण हातांचं काय करावं ते तिला कळेना. "ऐसे जोड़ो," म्हणत मी शेजारी उभा राहून नमस्कार करून दाखवला. नेमकं तेव्हाच आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे शुभदानं, बटण दाबलं.

"अगं, दुसरा काढ!"

"रोल संपला." (बाकीचा रोल मी रॉक गार्डनमध्ये स्वतःचेच फोटो काढून घेण्यात संपवला होता.)

प्रेसवाल्याला तोच फोटो देऊन मी बजावलं, "कैंडिडेट का फोटो बड़ा लेना."

"बेफिकर रहो जी, रोज़ का काम है."

त्याचं रोजचं काम म्हणजे बाईच्या पोस्टरवर नवरा मोठा आणि बाई कोपऱ्यात. मी मात्र गठ्ठा न उघडताच मोहनलालसोबत बसमध्ये चढवून दिला.

रविवारी मी आणि शुभदा गावात गेलो, तर प्रत्येक भिंतीवर मी! चष्मा, हाफ स्वेटर, जोडलेले हात. कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी कृष्णा.

मोहनलाल रडकुंडीला आला होता. "मेरी जगह आपने अपनी लगवा ली?"

"तो चिपकाए क्यों?"

"हमने सोचा, पढ़े-लिखे हैं, सोच-समझके किया होगा."

कृष्णानं कोपऱ्यातल्या स्वतःच्या फोटोवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, "पर्चा तो मैंने भरा था ना, बाबूजी?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काहीतरी पुटपुटलो, पण ती ऐकायला थांबलीच नाही. तिनं भिंतीवरचं एक पोस्टर उचकटलं, शुभदाचा हात धरला आणि घरोघर निघाली. प्रत्येक दारात पोस्टर दाखवायची आणि तोंडावरची ओढणी वर करायची. "ये नहीं खड़ा. मैं खड़ी हूँ. देख लो!"

कृष्णा निवडून आली. लाडू खायला आम्हाला आमंत्रण आलं. सरपंचाच्या खुर्चीवर ती स्वतः बसली होती आणि मोहनलाल बाजूच्या खाटेवर. काही झालं तरी पोस्टर आपलंच, म्हणून मीही थोडा फुगलो होतो.

तेवढ्यात एका म्हाताऱ्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "दिल छोटा मत करो बाबूजी. औरत से हारने में कैसी शरम? हम तो घर में रोज़ हारते हैं."

मी मदतीच्या आशेनं शुभदाकडे पाहिलं. तिनं बशी पुढे केली.

"घ्या. पडलेल्या उमेदवारांनाही देतायत."