पाणीपाळीचा निळा डबा

ठमाबाईंनी देवाला रविवार देऊन टाकला होता. ठेवणीतलं लुगडं, सकाळची एसटी, जुन्नरचं चर्च, भक्ती संपली की बाजार आणि दुपारच्या गाडीनं परत पिंपळवंडी. उरलेले सहा दिवस देवानं आपलं बघावं, आपण आपलं बघू, असा दोघांचा पस्तीस वर्षांचा करार होता. तो मोडला सुनेनं.

"सुनेला देव सोमवारी पण लागतो," ठमाबाई भेटेल त्याला सांगत. "मंगळवारी पण लागतो. चुलीपाशी लागतो, गोठ्यात लागतो. त्या देवाला जरा बसू देशील का न्हाई बाई?"

सून सुवार्ता मंचरची, बारावी झालेली. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात माहेराहून बिस्किटांचे दोन डबे आले होते. दोन्ही निळे, दोन्हींवर तोच लाल कौलांचा बंगला. त्यातल्या एकात ती चिठ्ठ्या ठेवी. जुन्या कॅलेंडरचे कागद कातरायचे, मागच्या कोऱ्या बाजूवर धीराचे दोन शब्द लिहायचे आणि विडीसारखी गुंडाळी करायची. बायबलातली वचनं तिला शब्दाशब्दानं पाठ नव्हती, म्हणून जे मनात उरलं असेल ते ती आपल्या भाषेत लिही. सकाळी प्रत्येकानं एक चिठ्ठी काढायची, मोठ्यानं वाचायची, मग चहा. आधी चहा मागितला तर ती गोड हसे, आणि डबाच पुढे करी.

घरच्यांचं एक वेळ ठीक. पण पोस्टमन आला, काढ चिठ्ठी. गुरांचा डॉक्टर आला, काढ चिठ्ठी. डॉक्टरला एकदा 'आज धीर धर' निघालं आणि त्याच दिवशी गाईनं त्याच्या मांडीवर लाथ मारली. तेव्हापासून तो गाडीवरून उतरायच्या आधीच चिठ्ठी मागतो. मुलगा सुदर्शन चाकणच्या कंपनीत. तो सुट्टीला घरी आला की बायकोची बाजू घेई, त्यामुळे त्याचं मत धरायचं काही कारणच नव्हतं.

त्या साली, म्हणजे २००३ च्या एप्रिलात, ठमाबाईंना मात्र दुसऱ्याच चिठ्ठ्यांचा घोर लागला होता. नदीवर नऊ शेतकऱ्यांची मिळून एक मोटार होती. वरच्या धरणातून पाणी सुटलं की नऊ नावांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या, आणि ज्या क्रमानं नावं निघतील त्या क्रमानं पाणी. गेली सहा वर्षं ठमाबाईंचं नाव शेवटी निघत होतं. एकदा नव्हे, दोनदा नव्हे, दर पाळीला. त्यांचा नंबर येईस्तोवर एक तर वीज जाई, नाही तर नदी उतरे. यंदा पाऊण एकर टोमॅटो माना टाकून उभे होते. आणखी चार दिवस पाणी मिळालं नाही, तर बाजारात न्यायला फक्त काठ्या आणि सुतळी उरणार होती.

"डबा सोमाजीचा, चिठ्ठ्या सोमाजीच्या, मग नंबर माझा कसा लागंल?" त्यांनी बैठकीत सरळ तोफ डागली. सोमाजी हा त्या मोटारीचा सेक्रेटरी. "औंदा डबा माझा. चिठ्ठ्या गुरुजी लिवतील. डबा ऱ्हाईल माझ्या घरात. हात परत्येकानं एकेकदा घालायचा. बघू मग लबाडी कुठनं शिरती ती!"

कुणी हरकत घेतली नाही. ठमाबाईंसमोर हरकत घ्यायची म्हणजे दोन दिवसांची सवड काढून यावं लागे. निवृत्त गुरुजींनी वळणदार अक्षरात नऊ नावं लिहिली, चौकोनी घड्या घातल्या आणि ठमाबाईंनी त्या दुसऱ्या निळ्या डब्यात घातल्या. घरी येऊन तो डबा त्यांनी फळीवर सुनेच्या डब्यामागे दडवला. कुणाला दिसू नये म्हणून. मग संध्याकाळी सुवार्तेनं फळी पुसली.

सकाळी ठमाबाईंनी मागचा डबा काढून काखेत मारला.

"आत्या, चिठ्ठी काढा की. चहा उकळतोय."

"आज मला दुसऱ्या चिठ्ठीची काळजी हाय. सर बाजूला."

"पण आत्या, आज माझ्या चिठ्ठीत काय आलंय बघा तरी—"

"आल्यावर सांग. देव काय पळून जातोय व्हय?"

आणि बिनचहाच्या, त्यामुळे आधीच तापलेल्या ठमाबाई निघाल्या.

बैठक दूध डेअरीच्या पत्र्याखाली होती. दूध घालून झालं होतं, किटल्या धुऊन उपड्या पडल्या होत्या. ठमाबाईंनी डबा मधोमध ठेवला आणि सगळ्यांकडे असं बघितलं, जणू आता गावात न्यायालयच आलं. पहिला हात हौशीरामनं घातला, कारण तो डब्याच्या जवळ बसला होता. गुरुजींनी चिठ्ठी घेतली, उलगडली आणि सवयीनं खणखणीत वाचली.

"'जे दुसऱ्याचं आहे आणि तुझ्या घरात आहे, ते आज परत कर. मन हलकं होईल.'"

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "हे माझं अक्षर नाही. मी नावं लिहिली होती. आणि मी घड्या घातल्या होत्या, ही गुंडाळी कुठून आली?"

ठमाबाईंनी डब्यात डोकावून पाहिलं, आत सगळ्या गुंडाळ्याच. सुनेचा डबा! सहा वर्षं दुसऱ्याच्या डब्याला नावं ठेवली, आणि स्वतःचा डबा आणताना चुकीचा आणला. आता हे सांगितलं तर गाव हसणार, आणि पुढच्या पाळीला पुन्हा सोमाजीचा डबा येणार. तरी सांगायला तर हवंच होतं. त्यांनी तोंड उघडलं.

तेवढ्यात हौशीराम उठून उभा राहिला.

"ठमाबाई, तुमाला कुणी सांगितलं?"

"काय कुणी सांगितलं?"

"आता चारचौघांत वाचून दावलंच की! पान्हा माझ्याकडंच हाय. कणगीमागं ठिवलाय."

पाइपाच्या व्हॉल्व्हचा मोठा पान्हा दिवाळीपासून हरवला होता. त्यापायी सगळ्यांनी मिळून एका भंगारवाल्यावर आळ घेतला होता. आणि हौशीरामचा ऊस मात्र भर उन्हाळ्यात हिरवागार कसा, याचं सगळे कौतुक करीत होते. खताचा गुण म्हणून.

ठमाबाईंनी उघडलेलं तोंड मिटलं. मग दुसऱ्या कामासाठी उघडलं.

"मला समदं ठावं असतं," त्या म्हणाल्या. "त्या भंगारवाल्याची माफी बी मागायची. म्होरं काढा."

दुसरा हात प्रयागबाईंचा. एकट्या राहणारी साठीची बाई, शेत नदीकाठी, उसाला लागून. गुरुजींनी वाचलं, "'घाबरायचं तेवढं घाबर, पण एकटी आहेस असं समजू नकोस.'"

प्रयागबाईंनी पदर डोळ्याला लावला. "गुडघा न्हाई गं दुखत माझा, ठमाबाई. त्या उसात बिबट्या हाय. दोनदा बघितला मी. म्हणून मागच्या दोन पाळ्या सोडल्या. लोक हसतील म्हणून गुडघा सांगितला." मग ठमाबाईंकडे बघत, "तुला बरं कळलं!"

ठमाबाईंना काहीच कळलेलं नव्हतं. शेजारणीनं सलग दोन पाळ्या सोडल्या, आणि आपण तिला 'आळशी' म्हणालो होतो, एवढंच त्यांना आठवलं. त्या गप्प बसल्या. हे गावाला इतकं नवीन होतं, की हौशीरामच पुढे झाला.

"मी येतो तुमच्यासंगं, काकू. पान्हा घिऊनच येतो. बिबट्या आला तर तेच्या कामी यील."

मग रांगच लागली. एकाला 'बायकोशी आज दोन शब्द चांगले बोल' निघालं, तो कानापर्यंत लाल झाला आणि उरलेल्यांनी त्याची पाठ थोपटली. जो माणूस प्रत्येक बैठकीत तासभर भाषण करी त्याला 'आज कमी बोल, जास्त ऐक' निघालं. तो खरोखरच बोलला नाही. नदीवर मोटार बसल्यापासून असं पहिल्यांदाच घडत होतं. नावं निघत नाहीत याची आता कुणाला तक्रार नव्हती. माणसं आपल्या चिठ्ठीची वाट बघत होती.

आठवा हात सोमाजीचा. त्यानं डब्यात हात घातला तो निखाऱ्यात घालावा तसा.

"'मनात काही दडवलं असशील तर आज सांगून टाक,'" गुरुजींनी वाचलं. "'देव रागावणार नाही. माणसं रागावतील, पण थोडा वेळ.'"

सोमाजीनं टोपी काढली, मांडीवर ठेवली. "डब्याच्या बुडाला मी काकवी लावत व्हतो," तो म्हणाला. "तुमची चिठ्ठी तिथं चिकटवायची. मग ती शेवटीच निघायची. सहा वर्षं."

पत्र्याखाली एकदम कालवा झाला. ठमाबाई उठून उभ्या राहिल्या. बोलायचे शब्द सहा वर्षांपासून तयार होते, फक्त सोडायचे होते.

"का रं?" एवढंच आधी निघालं. "माझं टमाटं तुझ्या डोळ्यादेखत वाळलं. का?"

"तुमी जुन्नरच्या स्टँडवर काय म्हणाला व्हता, आठवतं का?" सोमाजी खाली बघत बोलत होता. "'ह्याला सेक्रेटरी केला म्हंजी बुजगावण्याला टोपी घातली.' लोक लई हसले. माझ्यासंगं पावणं व्हतं, आमच्या हर्षालीला बघाया आलेलं. ते तसंच परत गेलं. पोरगी दोन दिस जेवली न्हाई. आता तिचं झालंय चांगलं, पण मला ते काय इसरता आलं न्हाई."

ठमाबाईंना ते आठवत होतं. इतके दिवस त्यांना ते स्वतःचं एक उत्तम वाक्य म्हणून आठवत होतं.

"एक हात राहिला," गुरुजी हळूच म्हणाले. "तुमचा."

डबा त्यांचा, म्हणून हात शेवटचा, हे त्यांनीच ठरवलं होतं. आता मागं कसं सरणार? त्यांनी चिठ्ठी काढली आणि गुरुजींकडे न देता स्वतः एकेक अक्षर जुळवत वाचली. दुसरीपर्यंतची शाळा, आणि त्यात सुनेचं बारीक अक्षर.

"मोठ्यानं वाचा की," भाषणवाला म्हणाला. त्याच्यानं फार वेळ राहवलं नव्हतं.

"'कुणाशी... वाकडं असेल तर... तू आधी जा,'" ठमाबाईंनी वाचलं. "'त्याला... घरी चहाला बोलाव.'"

कुणी हसलं नाही. सगळे त्यांच्याकडे आदरानं बघत होते. या बाईनं आपल्या सगळ्यांना आरसा दाखवला, आणि शेवटी स्वतःलाही सोडलं नाही! काय बाई आहे! आता 'ही चिठ्ठी माझी न्हाई' म्हणायची सोयच उरली नव्हती.

"चहाला चल," त्या सोमाजीच्या डोक्यावरून लांब बघत म्हणाल्या.

"मी?"

"न्हाई, तुझी टोपी! चल म्हणलं ना. आन् ते स्टँडवरचं... मी बोलाया नको व्हतं."

सोमाजीनं टोपी डोक्यावर घातली. "गुरुजी, लिवून घ्या. पहिलं पाणी ठमाबाईंचं. समद्यांच्या वतीनं सांगतो."

सगळ्यांनी माना हलवल्या. ठमाबाईंना डोळ्यांसमोर टोमॅटो दिसले, माना वर करून उभे राहिलेले. मग शेजारी बसलेल्या प्रयागबाई दिसल्या.

"तिचं आधी घ्या," त्या म्हणाल्या. "दिवसाउजेडी. माझं दुसरं. माझी टमाटी एक दिस कळ काढतील, सहा वर्षं काढलीय त्येंनी."

घरी येताना दोघं दहा हात अंतर ठेवून चालत होते. ठमाबाई मनात जुळवाजुळव करीत होत्या. घरात दूध किती, साखर किती, आणि सुनेला हा पाहुणा कसा समजावायचा. पण ओट्यावर सतरंजी अंथरलेली होती. तीन कपबशा मांडलेल्या, आणि बशीत गरम शिरा. गवती चहाचा वास रस्त्यापर्यंत येत होता.

"या सोमाजीकाका," सुवार्ता दारातून म्हणाली. "सकाळपासून तुमचीच वाट बघतेय."

ठमाबाई पायरीवरच थांबल्या. "तुला कुणी सांगितलं हा येणार म्हणून?"

"देवानं, आत्या. तेच तर सकाळी सांगत होते, तुम्ही ऐकलं कुठं?" सुवार्तेनं कमरेच्या पिशवीतून एक चौकोनी घडीचा कागद काढला. "मी चिठ्ठी काढली, तर आत नुसतं काकांचं नाव! आणि अक्षर माझं नाही! असं सुरेख अक्षर माझं कधीच नव्हतं. इतकं स्पष्ट देव माझ्याशी आजवर बोलला नव्हता. मी प्रार्थना केली आणि शिरा करायला घेतला. काका आज येणारच होते."

कागदावर गुरुजींच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'सोमाजी'.

सोमाजीनं त्या कागदाकडे पाहिलं. मग ठमाबाईंच्या काखेतल्या निळ्या डब्याकडे, मग आत फळीवरच्या दुसऱ्या निळ्या डब्याकडे. तो सेक्रेटरी होता, हिशेब त्याला लगेच कळला.

"म्हंजी तुमाला काकवीचं कायबी ठावं नव्हतं?"

"न्हाई."

"आन् पान्ह्याचं?"

"न्हाई."

"मग मी उगाचच बोललो!" सोमाजी मटकन सतरंजीवर बसला, आणि बसल्यावर त्याचं पोट हलायला लागलं. तो इतका हसला की टोपी शिऱ्यात पडता पडता राहिली. ठमाबाई हसल्या नाहीत. फक्त त्यांनी पदर तोंडाला लावला, आणि बराच वेळ काढला नाही.

सुवार्ता दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. डब्यांची गोष्ट तिला सांगावी की नाही, हा विचार ठमाबाईंच्या मनात आला आणि गेला. देवानं पाठवलेली चिठ्ठी गुरुजींच्या हातची होती, एवढंच काय ते. बाकी सगळं या पोरीनं जसं मानलं तसंच झालं होतं. त्यांनी चहाचा पहिला घोट घेतला. सकाळपासूनचा.

"सुवार्ते, हिकडं बघ," त्या म्हणाल्या. "उद्यापास्नं आधी चहा, मग चिठ्ठी. ह्ये माझं शेवटचं सांगणं. येवढी एक गोष्ट सोडली, तर तुझ्यात खोट काढाया मला जागाच गावत न्हाई. आन् त्येचाच मला लई राग येतो."