पाचवा टप्पा, बिनशिक्क्याचा

वजनमापे खात्यातल्या तपासनिसाला पुढच्या वसंतासाठी सलग चौदा दिवसांची रजा मंजूर झाली. नऊ वर्षं साठवलेली रजा होती. त्या वसंतात घेतली नाही तर ती बुडेल, असं पत्राच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं. पत्र हातात पडलं त्या संध्याकाळी त्याने घरी येऊन बूट काढले, हात धुतले आणि फाइल उघडली. फाइलवर लिहिलं : 'विषय – पायी चालण्यास योग्य टप्प्याची निवड'.

वाट म्हणाल तर एकच होती. शहराच्या उत्तरेला डोंगराच्या कण्यावरून जाणारी लांबलचक पायवाट, अकरा टप्प्यांत कापलेली. रमतगमत चालणाऱ्याला एकेक टप्पा दोन आठवडे पुरायचा. पाठीवर पिशवी टाकायची आणि दगडांवरच्या पिवळ्या पट्ट्या बघत पुढे सरकायचं, एवढंच तिथलं शास्त्र. त्या पट्ट्या तपासनिसाच्या वडिलांनी रंगवल्या होत्या. एकतीस वर्षं, रोजंदारीवर, एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात कुंचला.

जेवताना त्याने विषय मांडला. "बाबा, या खेपेला आपण दोघं जाऊ. तुम्ही कधीपासून म्हणताय. आता कोणता टप्पा घ्यायचा, याचा विचार करायला..."

"पाचवा," म्हातारा म्हणाला.

"अहो, पण..."

"पाचवा. चढ कमी, दर दोन तासांवर पाणी, आणि वसंतात तिथला वारा पाठीमागून ढकलतो. भाजी सरकव इकडे."

निर्णयाला एका घासाचा वेळ लागला होता, आणि तिथेच घोडं अडलं. तपासनिसाने बावीस वर्षं दुकानादुकानांतून तराजू उलटे करून पाहिले होते. त्याचा धर्म एकच : ज्या मापावर शिक्का नाही, ते मापच नाही. दुकानदार आईची शपथ घेवो नाहीतर पाया पडो. म्हाताऱ्याच्या बोलण्यावर शिक्का कुठे होता?

"बाबा, असं तोंडी नाही चालत. तुलना करावी लागते."

म्हातारा हात धुवायला उठला तेव्हा बायको पुढे झुकली. ती हाडांच्या दवाखान्यात परिचारिका होती. "तुलना काय ती लवकर करा. त्यांचा एक्स-रे मी बघितलाय. डॉक्टर म्हणाले, गुडघ्यांत येता एक वसंत शिल्लक आहे. त्यानंतर दारापर्यंत गेले तरी मिळवली."

"म्हणूनच तर," तपासनीस गंभीरपणे म्हणाला, "चूक होऊन चालणार नाही."

या एका वाक्याने जगात जेवढी कामं मेली आहेत, तेवढी आळसानेही मेली नसतील.

हिवाळ्यात तो पथप्रेमी मंडळाचा सभासद झाला. मंडळात चारशे बारा सभासद. पैकी वाट पाहिलेले एकोणीस आणि वाटेवर चाललेले सहा. त्या सहांतले तिघं गाडी बंद पडली म्हणून चालले होते. मंडळाच्या सभा एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर भरत आणि सगळे लिफ्टने वर येत. अध्यक्षांना शिखरकाका म्हणत, कारण एकदा बोलायला उभे राहिले की ते खाली उतरत नसत.

"पाचवा?" शिखरकाकांनी नाक मुरडलं. "छे! पाचवा काय, हल्ली कोणीही करतं."

"काका, तुम्ही केलाय?"

"मी त्याच्या पुढे गेलोय. मी आता टप्पे करत नाही. टप्प्यांवर चिंतन करतो."

"नववा घ्या," नकाशाताई म्हणाल्या. मंडळातले सगळे नकाशे त्यांच्याकडे असत, घडी न मोडलेले. "नवव्यात माणूस स्वतःला भेटतो."

"आणि आठव्यात?"

"आठव्यात डास भेटतात."

तपासनिसाने दोन्ही गोष्टी टिपून घेतल्या. प्रत्येक टप्प्याला त्रेचाळीस निकष लावले. 'चढाची तीव्रता', 'पाण्याची वारंवारिता' हे तर होतेच. शिवाय 'सूर्यास्ताचा दर्जा (मागील तीन वर्षांची सरासरी)' आणि 'आडोशाला बसण्याजोग्या झुडपांची घनता' हेही होते. मंडळातले लोक ओझं हलकं करायला दात घासायच्या ब्रशचा दांडा कापत. तपासनीस तर वजनांचाच माणूस. त्याने ब्रश कापला, कपड्यांच्या आतल्या चिठ्ठ्या कापल्या, कंगव्याचे अर्धे दात कापले. केस तसेही अर्धेच उरले होते.

म्हाताऱ्याने माळ्यावरून रंगाचे डाग पडलेली जुनी पिशवी काढली. तिच्यात एक चादर, एक भांडं आणि एक सुरी टाकली.

"वजन किती भरतंय?" तपासनिसाने विचारलं.

"उचलली की कळतं."

हिवाळा सरला तेव्हा फाइल सहाशे चाळीस पानांची झाली होती. रजेच्या आदल्या दिवशी तपासनिसाने शेवटची बेरीज केली, दोनदा तपासली, आणि चष्मा काढून जाहीर केलं, "पाचवा!"

"तेच म्हटलं होतं मी," म्हातारा म्हणाला.

"तुम्ही म्हटलं होतं, बाबा. आता ते सिद्ध झालंय."

रजेच्या पहिल्या दिवशी बापलेक वाट कार्यालयात गेले, कारण आता वाटेवर पाऊल ठेवायला परवाना लागायचा. लांब खोली, एकच खिडकी, चाळीस माणसांची रांग. भिंतीवर चौकटीत एक भलंमोठं छायाचित्र : दगड, आणि दगडावर पिवळी पट्टी. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज पुढे केला. उरलेले दहा टप्पे का नाकारले, याची कारणं लिहायची होती. प्रत्येकी किमान दोनशे शब्द. तपासनिसाने फाइलच काढून दिली. कारकुनाचे डोळे पाणावले. "साहेब, अकरा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी हा अर्ज मनावर घेतलाय," तो म्हणाला, आणि ती वाचायला म्हणून खिडकी बंद केली.

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडली. "फाइल अप्रतिम. पण सोबतचे गृहस्थ सत्तरीपुढचे दिसतात. त्यांच्यासाठी वाटेचा अधिकृत जाणकार लागेल."

"मीच आहे की," म्हातारा म्हणाला. "त्या पट्ट्या मीच रंगवल्यात."

"पुरावा?"

म्हाताऱ्याने भिंतीवरच्या छायाचित्राकडे बोट केलं. "ही काय. डावीकडे ओघळ आलाय बघा. त्या दिवशी हात गारठला होता."

"आजोबा, ती पट्टी खात्याची आहे. रजिस्टरात नाव आहे का तुमचं?"

"रोजंदारीवाल्याचं नाव कुठे असतं रजिस्टरात?"

"मग तुम्ही जाणकार नाही. बसा."

रजिस्टरात नाव होतं नकाशाताईंचं. काखेत कळसा असला म्हणून काय झालं, गावाला वळसा हा घालावाच लागतो. तिसरा दिवस त्यांची सही आणण्यात गेला. आपण पाचव्या टप्प्यावर चौथ्या मजल्यावरून लक्ष ठेवू, असं त्यांनी लिहून दिलं.

चौथ्या दिवशी परवाना टेबलावर तयार होता. शाईसुद्धा वाळली होती. आता फक्त पिशव्यांचं वजन करून अर्जात मांडायचं. कोपऱ्यात तराजू होता. म्हाताऱ्याने आपली पिशवी त्यावर ठेवली. कारकुनाने आकडा लिहायला पेन उचललं, आणि तपासनीस सवयीने वाकला.

त्याने तराजूखाली हात घातला, चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ ताठ झालाच नाही.

"काय झालं?" कारकुनाने विचारलं.

"शिक्क्याची मुदत संपलीय. अकरा दिवस झाले."

"राहू दे रे," म्हातारा हळूच म्हणाला.

"बाबा, हे कसं राहू देऊ?"

"अरे, दोन पिशव्या आहेत. चल. बस सुटेल."

रांगेतला एक जण ओरडला, "ओ साहेब, तुम्ही रजेवर ना?"

तपासनिसाला नियम पाठ होता. तराजू जप्त करायला रजा आड येत नाही. डोळा काही रजेवर जात नाही. त्याने खिशातून लाखेची कांडी काढली. ब्रशचा दांडा कापणाऱ्या या माणसाने लाख मात्र सोबत घेतली होती. त्याने तराजूला दोरा गुंडाळला आणि सील ठोकलं.

सील ठोकल्याबरोबर सगळे परवाने थांबले. वजन नाही तर परवाना नाही.

"मग नवा शिक्का मारा आणि मोकळे व्हा," कारकून काकुळतीला आला.

"तो मात्र कामावर असतानाच मारता येतो. आणि एक दिवस जरी कामावर गेलो, तरी रजा सलग राहत नाही. सलग नाही म्हणजे रद्द."

"मग तुमच्या खात्यातून दुसरं कोणी बोलवा!"

तपासनिसाने तिथूनच आपल्या खात्याला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "या विभागाचे तपासनीस रजेवर आहेत." या उत्तराने तो चिडला नाही. उत्तर नियमाला धरून होतं. ते त्यानेच गेल्या महिन्यात लिहून दिलं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी म्हातारा बूट घालून दाराच्या पायरीवर बसला. पिशवी शेजारी. तपासनीस आत शेजारच्या विभागाला विनंतीपत्र लिहीत होता.

"किती वेळ?" म्हाताऱ्याने विचारलं.

"झालंच. दोन मिनिटं थांबा."

म्हातारा दुपारपर्यंत थांबला. मग गुडघ्यांवर हात दाबून उठला. "मी पुढे होतो. पाचव्यावर आहे. पट्ट्या बघत ये."

"परवान्याशिवाय?" तपासनीस पेन घेऊन बाहेर धावला.

"पट्ट्या विचारत नाहीत रे. मी त्यांना बोलायला शिकवलं नव्हतं."

कोपऱ्यावर बस आली, म्हातारा चढला, बस गेली. बायको दारात उभी होती. "अहो, जा ना मागून! पुढची बस तासाभरात आहे. फाइल काय पळून जातेय?"

"मी बिनपरवान्याचा गेलो, तर उद्या कोणत्या तोंडाने दुकानदाराचा तराजू धरू?"

"तराजू धरा," ती म्हणाली. "बाप सोडा."

तपासनिसाने सात स्मरणपत्रं पाठवली. तेराव्या दिवशी शेजारच्या विभागातून एक तपासनीस आला. त्याने सील फोडलं, प्रमाणित वजनं मांडली, उतरवली, पुन्हा मांडली. तराजू बिनचूक होता. हरभऱ्याएवढाही फरक नव्हता. नसणारच. त्याने शिक्का मारला, दोघा तपासनिसांनी हात मिळवले, आणि परवाना हातात आला : पाचवा टप्पा, दोन इसम, उद्यापासून चौदा दिवस.

उद्या रजेचा शेवटचा दिवस होता.

त्या शेवटच्या दिवशी, उन्हं कलताना म्हातारा परत आला. रापलेला, दाढी वाढलेली, बसपासून दारापर्यंत कोणाचा तरी खांदा धरून आलेला. सुनेने त्याला खुर्चीत बसवून बूट काढले आणि सुजलेले गुडघे दाबून पाहिले. मग तिने ते बूट उचलून माळ्यावर टाकले, म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं.

"टप्पा पुरा झाला?" तपासनिसाने विचारलं.

"अर्धाच. दर पाण्यापाशी बसून राहायचो. म्हटलं, येशील मागून." म्हातारा थोडा हसला. "वारा मात्र पाठीमागूनच होता."

तपासनिसाने काय केलं? त्याने फाइल उघडली. निकष क्रमांक सदतीस, 'वाऱ्याची दिशा'. त्यापुढे लिहिलं : 'प्रत्यक्ष पाहणीने पुष्टी'.

पुढल्या वसंतात मंडळाने फाइल पुस्तकरूपाने काढली आणि तपासनिसाचं व्याख्यान ठेवलं. पाचव्या टप्प्याचे सर्वांत मोठे अभ्यासक म्हणून त्याची ओळख करून देण्यात आली. सभागृह खच्चून भरलं होतं. म्हाताऱ्याला चाकाच्या खुर्चीतून, लिफ्टने वर आणून मागे ठेवलं होतं. एकाने उठून विचारलं, "पाचव्यात पहिलं पाणी नेमकं कुठे लागतं?"

तपासनीस पानं चाळू लागला. तीनशे बारा... तीनशे अठरा...

"चिरलेल्या दगडाच्या डाव्या हाताला," मागून आवाज आला. "खाली वाकावं लागतं."

"आजोबा," शिखरकाका गोड आवाजात म्हणाले, "बोलायचं असेल तर नाव लेखी द्या."

तुम्ही हसताय. हसा. पण छातीवर हात ठेवून सांगा, वाचता वाचता मनात आलं की नाही, की सहावा टप्पा कसा असेल? तोही एकदा तपासून पाहायला हवा होता? यायचंच. बरं, ते जाऊ द्या. तुमच्याही दाराच्या पायरीवर कोणीतरी बूट घालून बसलंय. मघाशी त्याला "दोन मिनिटं थांबा" म्हणालात, आणि हे वाचायला घेतलंत.