साठांपैकी एकोणीस

ऑफिसची स्वभावचाचणी घरून मोबाइलवर भरायची होती, सकाळी नऊच्या आत, आणि पावणेनऊला वॉशिंग मशीनचा पाइप निघाला. वहिनी घोटाभर पाण्यात उभ्या राहून तो दोन्ही हातांनी दाबून धरत होत्या आणि बाहेर मोबाइल टुणटुणत होता.

"अगं, तुझ्या ऑफिसातून काहीबाही विचारतायत," सासूबाई ओरडल्या. "'मी सहसा शांत असते.' खाली एक ते पाच आकडे आहेत. काय दाबू?"

"तुम्हाला योग्य वाटेल ते दाबा, आई! साठच्या साठ दाबून टाका!"

सासूबाईंनी चष्मा चढवला आणि दाबून टाकले.

वहिनी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तक्रारींच्या फोनवर बसत. लिफ्टमध्ये कुणी अडकलं की मेकॅनिक पोहोचेपर्यंत त्याच्याशी बोलत राहायचं, हे त्यांचं अकरा वर्षांचं काम. पण साहेबांनी आता नवी टूम काढली होती. चाचणीत ज्याचा स्वभाव फोनला योग्य ठरेल तो फोनवर, बाकीचे तळघरात, जुन्या फायली स्कॅन करायला. तळघरात ना खिडकी, ना माणूस. आणि वहिनींना दहा मिनिटं कुणाशी बोलायला मिळालं नाही तर घसा धरून यायचा.

पंधरा दिवस सगळं शांत होतं. मग चाचणीवाले सर स्वतःच आले.

"तेच साठ प्रश्न पुन्हा सोडवायचेत. इथे, माझ्यासमोर. चाचणी भरवशाची आहे का ते बघायचंय. माणूस तोच, तर उत्तरंही तीच यायला हवीत."

"आणि नाही आली तर?"

"तर कुठेतरी पाणी मुरतंय."

पाण्याचं नाव निघताच वहिनींना मशीनचा पाइप आठवला. पहिल्या वेळी माणूस कुठे तोच होता? त्यांनी जिन्यात जाऊन घरी फोन लावला.

"आई, त्या दिवशी काय काय दाबलंत हो?"

"साठ आकडे लक्षात ठेवू मी?"

"साधारण तरी?"

"खरं ते दाबलं. मी खोटं कशाला दाबीन?" आणि फोन ठेवला.

वहिनींनी ताडलं. सासूबाईंचं खरं म्हणजे सासूबाईच! मग त्यात काय अवघड? चौदा वर्षांचा अभ्यास होता. 'मी दुसऱ्याचं बोलणं पूर्ण ऐकून घेते.' एक. 'माझंच बरोबर असतं असं मला वाटतं.' पाच, सहा असते तर सहा. 'वस्तूंची जागा हललेली मला खपत नाही.' पाच. तिसाव्या प्रश्नाला वहिनींची पाठ ताठ झाली. चाळिसाव्याला त्यांनी शेजारच्या कॅशियरला "नीट बस जरा" म्हणून दटावलं.

तासाभरात साहेबांच्या केबिनमध्ये बोलावणं आलं.

"साठांपैकी एकोणीस जुळली," चाचणीवाले म्हणाले. "पंधरा दिवसांपूर्वी तुम्ही मेणाहून मऊ होता. आज एकदम हुकूमशहा! एक तर माझी चाचणी खोटी, नाहीतर तुम्ही."

"चाचणीला दोन लाख मोजलेत," साहेब म्हणाले. तेव्हा खोटं कोण ते ठरल्यातच जमा होतं.

वहिनी तोंड उघडणार एवढ्यात बाहेर त्यांचा फोन खणखणला. त्या कुणालाही न विचारता धावल्या.

"बोला दादा. आत एकटेच? दिवा चालू आहे ना? मग झालं तर. घाम येतोय? येऊ दे. बॅग खाली ठेवा आणि टेकून बसा. माणूस निघालाय आमचा. कुठे निघाला होतात?... मुलगी बघायला? अहो, मग घाई कशाला! सांगा, सगळं सांगा."

सव्वीस मिनिटं दादा बोलत होते. वहिनी "हं", "मग?", "अरे देवा" एवढंच म्हणत होत्या. मागे चाचणीवाले पहिल्या चाचणीच्या उत्तरांचा कागद धरून उभे होते आणि एकेका ओळीवर पेन्सिलीने खूण करत होते.

"हा कुणी भरला?" फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं.

"सासूबाईंनी."

"आणि दुसरा?"

"मी. सासूबाईंसारखा."

चाचणीवाल्यांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे तुम्ही भरला नाहीत तो तुमचा, आणि भरलात तो तुमचा नाही."

साहेबांना यातलं ओ की ठो कळलं नाही. "फोन यांच्याकडेच राहू द्या," ते म्हणाले. "चाचणीच तळघरात ठेवा."

वहिनींनी मात्र तो पहिला कागद मागून घेतला. शांत, पाच. माणसं धरून ठेवते, पाच. पूर्ण ऐकून घेते, पाच. चौदा वर्षांत सासूबाईंच्या तोंडातून कौतुकाचा एक शब्द नाही, आणि इथे रांगेने पाच! वहिनींना रडूही आवरेना आणि हसूही. आज घरी जाऊन त्यांना काहीतरी चांगलं बोलायचंच, असं ठरवून त्या निघाल्या.

घरी चपला काढतात तोच मोबाइल टुणटुणला. दुसऱ्या चाचणीचा निकाल! वहिनींनी झडप घातली. सासूबाईंनी आधी घातली.

"'आपलंच खरं करतात,'" त्या मोठ्याने वाचू लागल्या. "'दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देत नाहीत.'"

"आई, त्याचं काय झालं सांगते, मी—"

"थांब गं, वाचू दे. 'वस्तूंची जागा हललेली खपत नाही.' अगोबाई! ही बाई कोण?"

"आई, ती—"

"सांगू नकोस, ओळखली मी." सासूबाईंनी समाधानाने चष्मा काढला. "हुबेहूब आमच्या विहीणबाई! तुझी आई तुमच्या ऑफिसात कधी लागली गं?"